पाहुण्याच्या बदल्यात साखर

लग्न होऊन मी नगरला आले तेव्हा लढाई नुकतीच संपली होती. सासर मिशनच्या आवारात. मामंजी मिशनच्या शाळेत गणित शिकवत, आणि आमचे हे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. माहेरून निघताना मला सगळ्यांनी सांगितलं होतं, की माणसं शांत आहेत, त्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. ते खरंच होतं, फक्त शनिवारची संध्याकाळ सोडून. शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर फुटबॉल क्लबाची बैठक बसायची. पहिल्याच शनिवारी मी भाकरीचं पीठ मळत होते, ती परातीत हात तसाच ठेवून थांबले. मला वाटलं, भाऊबंदकी उपटली.

"जमिनीचा वाद आहे का?" मी सासूबाईंना हळूच विचारलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "सेंटर फॉरवर्डचा."

क्लब म्हणजे आवारातली नोकरीला लागलेली मुलं, दवाखान्यातले ड्रेसर आणि गावातले दोघे-तिघे. हे त्यात बॅक खेळायचे. दर हिवाळ्यात कॅम्पातल्या गोऱ्या पलटणीशी सामना व्हायचा आणि दर हिवाळ्यात क्लब हरायचा. खेळणाऱ्यांना त्याची सवय झाली होती. बघणाऱ्यांना झाली नव्हती.

बघणाऱ्यांचे दोन पक्ष होते. एका पक्षाचे पुढारी आमचे मामंजी. ते क्लबाचे खजिनदार. वर्गणी गोळा करायची, वर्षाला एक नवा चेंडू, दोन ब्लॅडर आणि टिंक्चरची बाटली घ्यायची आणि उरेल ते शिलकीच्या डब्यात टाकायचं, असा त्यांचा कारभार. "क्लब काही एका हिवाळ्यासाठी काढलेला नाही," असं ते म्हणत. दुसऱ्या पक्षाचे पुढारी म्हणजे आवाराच्या फाटकासमोरचे सायकलवाले. तासावर सायकली भाड्यानं द्यायचं त्यांचं दुकान. मूळचे नेवाशाकडच्या एका खेड्यातले, शेती भावांवर टाकून नगरला आलेले. जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता. पण सामना असला की दुकान बंद, आणि क्लब हरला की दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत दुकान बंद. त्यामुळे त्यांचं म्हणणं असं, की क्लबाच्या हरण्यात सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतं.

"मास्तर, पैशे डब्यात ठिवून ते काय अंडी घालत्याल व्हय?" सायकलवाले विचारायचे.

"अंडी नाही घालणार," मामंजी म्हणायचे. "पण कोंबडी मरणारही नाही."

"आवो, एक चांगला गडी आना बाहेरून. आपली पोरं पळत्यात लई. पन गोल कुनी करायचा?"

"बाहेरून आणलेला माणूस किती दिवस आपला राहतो? त्यापेक्षा आपलीच मुलं तयार करावीत. वेळ लागेल."

"वेळ लागंल म्हनता म्हनता निम्म्या पोरांची लग्नं झाली," सायकलवाले म्हणाले, आणि त्यांनी यांच्याकडे बोट दाखवलं. मी दाराआड होते, मला उगाच अपराध्यासारखं झालं.

हे तर फारच अडचणीत असत. खेळाडू म्हणून त्यांना पुढे कोणी गोल करणारा हवा होता, मुलगा म्हणून वडिलांविरुद्ध बोलता येत नव्हतं. म्हणून दोन्हीकडची वाक्यं आली की ते मान हलवत.

पावसाळा संपताना सायकलवाले जुन्या सायकली विकत घ्यायला दौंडला गेले. रेल्वेत नोकरी करणारी माणसं बदली झाली की सायकली काढून टाकत, त्या ते आणत. या वेळी परत आले ते सायकल न घेताच आले, आणि स्टेशनवरून दुकानात न जाता थेट आमच्या ओट्यावर आले.

"दौंडला गेल्तो," ते म्हणाले. "रेल्वेच्या मैदानावर मॅच हुती. एक गडी बगितला, मास्तर. अनवानी. बॉल पायाला डिंकानं चिकटवल्यागत. समोरची पोरं नुस्ती त्याच्या भवती फिरत्यात. गोलावर गोल केले आन् वर कपाळाला घाम न्हाई."

चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती. माणूस पलटणीत होता. लढाई संपल्यावर कमी केला. आता रेल्वेत कोळसा भरायच्या रोजंदारीवर होता, आणि तीही सुटायच्या बेतात होती. पोटापाण्याची सोय केली तर नगरला यायला तयार होता.

मग बरेच शनिवार तोच वाद चालला. मामंजींनी फळ्यावर गणित मांडावं तसा खर्च मांडला. गाडीभाडं, राहणं, जेवण, बूट. "एवढ्यात सगळ्या मुलांना नवे मोजे येतात," ते म्हणाले.

"मोज्यांनी गोल हुत न्हाई."

"आणि याच्याकडून होतील हे कशावरून? आपण एक सामना बघितला. पलटणीचा बॅक त्यात होता का?"

राहण्याचा प्रश्न सायकलवाल्यांनी सोडवला. दुकानाच्या मागं खोली होती, तिथं तो झोपेल, दिवसा पंक्चर काढेल. बूट क्लबानं घ्यायचे. अडलं ते जेवणावर. पलटणीतला गडी, खाणार किती आणि ते कोणाच्या डोक्यावर? त्या वर्षी धान्य कार्डावर मिळायचं. त्यामुळे या प्रश्नावर सायकलवाल्यांचा पक्षसुद्धा गप्प झाला.

तेवढ्यात सासूबाई चहाचं तबक घेऊन ओट्यावर गेल्या. "तो आमच्याकडे जेवेल," त्या म्हणाल्या.

"आणि ज्वारीचा प्रश्न?" मामंजींनी विचारलं.

"तो देवाकडे."

सासूबाई क्लबाच्या सभासद नव्हत्या. पण ठराव मंजूर झाला तो त्यांच्याच वाक्यावर. मला मागाहून कळलं, की त्या लग्न होऊन आल्यापासून दर हिवाळ्यात हरून आलेल्या माणसांना जेवायला वाढत होत्या, आणि हरलेली माणसं जेवताना एक शब्द बोलत नाहीत याचा त्यांना कंटाळा आला होता.

त्याला आणायला सगळे स्टेशनवर गेले. मी गेले नव्हते, पण यांनी मला ते इतक्या वेळा सांगितलं आहे, की मी गेलेच होते असं वाटतं. गाडीतून एक ठेंगणा, काटकुळा, पाय किंचित बाहेर वाकलेला माणूस उतरला. खांद्यावर पत्र्याची ट्रंक. मामंजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हाच का?"

"हाच," सायकलवाले म्हणाले.

"एवढाच का? की राहिलेला मागच्या गाडीनं येतोय?"

त्याचं नाव कोणी घेतलंच नाही. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्याला पाट दे," आणि तेव्हापासून तो सगळ्या आवाराचा पाहुणा झाला. तो मामंजींना मामा म्हणे, सासूबाईंना आई, आणि मला वहिनी. बोलणं फार कमी. जेवायला बसला की खाली मान घालून जेवायचा. पुरे म्हणायची त्याची रीत नव्हती. चुलीतला जाळ ओढून घेतला की तो समजायचा आणि हात धुवायला उठायचा. जाळ आहे तोवर जेवण चालू. पण जेवून झालं की न सांगता लाकडं फोडून द्यायचा, आडावरून पाणी आणायचा. सासूबाई म्हणायच्या, "बघा, गोल करो न करो, माझं पाणी तरी भरतोय."

बुटांची मात्र गंमत झाली. पुण्याहून खास मागवलेले ते बूट, तळाला चामड्याच्या गुट्ट्या ठोकलेले. क्लबाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खर्च. पाहुण्यानं ते घालून मैदानावर दोन फेऱ्या मारल्या, काढले आणि बाजूला ठेवले. म्हणाला, "पायाला बॉल कळत नाही यात." खेळायला तो अनवाणीच उतरला. पण बूट त्याला मनापासून आवडले होते. संध्याकाळी तो ते घालून बाजारात जायचा. कापडबाजारातल्या फरशीवरून खटखट आवाज येत राहायचा, आणि मामंजी त्या बाजूला असले तर दुकानात शिरायचे.

पहिले तीन सामने वाया गेले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी क्लब हरला, आणखी एका संघाशी हरला, तिसरा कसाबसा बरोबरीत सुटला. पाहुण्याचा एकही गोल नाही. मैदानावर तो नुसता उभा असायचा, असं सगळे म्हणायचे. सायकलवाल्यांचा चेहरा उतरला. मामंजी मात्र घरी येऊन नेहमीपेक्षा जास्त जेवले.

"क्लब हरला की आजकाल तुम्हाला भूक चांगली लागते," सासूबाई म्हणाल्या.

"मी काय बोललो का?"

"नाही. पण दोनदा आमटी घेतलीत."

एका दुपारी पाहुणा लाकडं फोडत होता आणि मी तांदूळ निवडत बसले होते. मी सहज विचारलं, "भाऊजी, दौंडला होत होतं ते इथं का होत नाही?"

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. मग म्हणाला, "वहिनी, बॉल मिळाला तर होईल ना. सगळे स्वतःच मारतात. माझ्याकडे कोणी देतच नाही."

मी ते यांना सांगितलं. हे जरा ओशाळले. "खरं आहे," म्हणाले. "पोरांना राग आहे. आम्ही वर्गणी भरून खेळतो आणि याला जेवण देऊन खेळवतात, असं आहे त्यांचं. तो चालला नाही तर बरंच, असं मनात असणार."

"आणि तुमच्या?"

"मी बॅक आहे. माझा त्याच्याशी काय संबंध?"

पण दोन-तीन दिवस ते विचारात होते. एका सकाळी कामावर निघताना मला म्हणाले, "मधल्यांना न देता मीच लांब मारला तर?" मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, मारा.

पलटणीशी सामना त्याच आठवड्यात होता. आम्ही बायका मैदानावर जात नसू, पण मैदान आवारापासून लांब नव्हतं, आणि वारा इकडचा असला की आरडाओरडा ऐकू यायचा. त्या दिवशी आधी दोनदा गोऱ्यांचा आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "भाजी टाक. आज पण मुकाट्यानंच जेवणार." मग बऱ्याच वेळानं वेगळाच आवाज आला. आमच्या माणसांचा. ते एकत्र ओरडले तर कसे ओरडतात हे आम्हाला दोघींना माहीतच नव्हतं. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. थोड्या वेळानं तोच आवाज पुन्हा आला.

बरोबरी झाली होती. यांनी मागून चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून थेट पाहुण्याकडे मारला, आणि पाहुण्यानं दोन्ही वेळा पलटणीचा बॅक मागं टाकला. क्लब जिंकला नव्हता, पण हरलाही नव्हता, आणि पलटणीशी तसं आजवर कधी झालं नव्हतं. सायकलवाल्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटेच दुकान उघडलं आणि शाळेच्या मुलांना दिवसभर निम्म्या भाड्यात सायकली दिल्या.

मामंजी म्हणाले, "एका सामन्यावरून काही ठरत नाही." पण जेवताना त्यांनी लोण्याचं भांडं स्वतः हातात घेतलं आणि पाहुण्याच्या भाकरीवर लोणी घातलं. मग सगळे आपल्याकडे बघतायत असं लक्षात आल्यावर म्हणाले, "हा खर्च क्लबाच्या नावे नाही."

हे सुख महिनाभरही टिकलं नाही. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याचा फुटबॉल संघ होता. त्यांचं स्वतःचं मैदान होतं, मैदानाला लोखंडी खांब होते, आणि मुख्य म्हणजे खेळाडूला नोकरी देण्याची ऐपत होती. त्या संघाचे सेक्रेटरी मोटारीतून आले आणि सायकलच्या दुकानासमोर उतरले. पाहुण्याशी बोलणं सुरू केलं. सायकलवाल्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायबा, हवा भरायची आसंल तर भरा आन् निगा." सेक्रेटरी सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, तुमचा पंप मोटारीला चालणार नाही, आणि हसून निघून गेले. पण जे सांगायचं ते पाहुण्याला सांगून झालं होतं.

संध्याकाळी पाहुणा जेवायला आला तो ताटावर बसेना. मामंजींसमोर उभा राहिला.

"मामा, जाऊ का?"

मामंजींनी चष्मा काढला. "नोकरी कायम आहे का?"

"कायम म्हणतात. राहायला खोली आहे. उसाचं गळीत नसलं तरी पगार."

"मग विचारतोस काय?"

"तुम्ही सगळ्यांनी एवढा खर्च केला. बूट घेतले."

"बूट घेऊन जा. चेंडू तुझ्या पायाशी अजून पाच-सात वर्षं राहील. पोट त्याच्यानंतरही राहणार आहे. जेवायला बस."

शनिवारी ओट्यावर वणवा पेटला. सायकलवाले बसलेच नाहीत, उभ्यानंच बोलत होते. "ज्याला आनायला आमी घसा फोडून भांडलो, त्याला तुमी दोन मिन्टांत सोडला. तुमाला तो कदी नकोच हुता."

"नको होता, हे खरं," मामंजी म्हणाले. "पण आणताना प्रश्न क्लबाचा होता. आता प्रश्न त्याचा आहे. तुमचा धाकटा भाऊ असता तर काय सांगितलं असतं?"

 सायकलवाल्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बरं. जाऊ द्या," ते म्हणाले. "पन फुकट न्हाई सोडायचा."

आणि याला मामंजींनी लगेच होकार दिला. दोन्ही पक्षांचं एकमत झालेला तो पहिला शनिवार. मामंजींनी कारखान्याच्या सेक्रेटरींना लिहिलं, की पाहुण्याला आणण्याचा आणि पोसण्याचा क्लबाला जो खर्च आला तो भरून मिळावा. सेक्रेटरी पुन्हा आले. म्हणाले, रोख पैसे द्यायची आमच्याकडे तरतूद नाही, पण साखर देता येईल.

आज हे सांगून कोणाला खरं वाटत नाही, पण तेव्हा साखर म्हणजे काय होती ते त्या दिवसांतल्या माणसांनाच विचारावं. कार्डावर मिळायची ती आल्यागेल्याच्या चहालाही पुरायची नाही. घरोघरी गुळाचा चहा. कारखान्यानं आपल्या मैदानावर फुटबॉलची स्पर्धा भरवायची म्हणून सरकारकडून एक पोतं साखर मंजूर करून घेतली होती. पण पाइप टाकायला मैदान खणलं गेलं आणि स्पर्धा बारगळली. ते पोतं कागदपत्रांसह क्लबाच्या नावे करून देतो, असं ते म्हणाले. मामंजींनी विचारलं, "सरकारी शिक्का असेल ना?" सेक्रेटरी म्हणाले, असेल. तेवढ्यावर मामंजींचं समाधान झालं.

पाहुणा गेला आणि पोतं आलं. सायकलवाल्यांनी ते हातगाडीवरून स्टेशनातून आणलं आणि आमच्या मधल्या खोलीत एका बाकावर ठेवलं. "इकली तर दोन गडी येत्याल, मास्तर," ते पोत्यावर हात फिरवत म्हणाले.

मामंजी कागद वाचत होते. वाचून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. "विकली तर दोन गडी येतील खरे," ते म्हणाले, "पण ते पोलिसांचे असतील." कागदावर लिहिलं होतं, की ही साखर केवळ फुटबॉल स्पर्धेच्या चहापाण्यासाठी आहे.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरानं कसे काढले ते आम्हालाच माहीत. मधल्या खोलीत साखरेचं अख्खं पोतं, आणि आम्ही शेजारी बसून गुळाचा चहा पीत होतो. बाकाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तरी मुंग्यांनी भिंतीवरून वाट काढली. दर रविवारी चर्चमधून आल्यावर मामंजी पोत्याची शिवण तपासत. आवारातल्या बायका कधी नव्हे ते आमच्या तब्येतीची चौकशी करायला येऊ लागल्या. बोलता बोलता त्यांची नजर मधल्या खोलीकडे जायची. कोणाचं मूल खोकत होतं, कोणाची सून बाळंत झाली होती. सासूबाईंनी जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. त्या मामंजींना म्हणाल्या, "हे पोतं घरातून हलवा, नाहीतर मीच माहेरी जाते."

"परत पाठवावं म्हणतो," मामंजी शनिवारी म्हणाले.

"म्हंजे पाहुना फुकट सोडला आसं हुईल," सायकलवाले म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मवाळ होता, आणि तेव्हाच मी ओळखलं, की हे काहीतरी ठरवून आलेत. "तुमी लबाडी तर करनार न्हाई. मी काय म्हनतो, कागदावर लिवलंय तसंच करू. स्पर्धाच भरवू."

मामंजी ओट्यावर येरझारा घालू लागले. स्पर्धा म्हणजे चार संघ जमवायचे, बाहेरगावच्या दोघांची राहायची सोय करायची, मैदान सपाट करायचं, चुन्याच्या रेघा, नवे खांब, एखादा कप. ज्या माणसानं वर्षाला दुसरा चेंडू घेऊ दिला नाही, त्याच्यापुढे हा खर्च उभा होता. पण साखर ठेवता येत नव्हती, विकता येत नव्हती, आणि परत पाठवणं जिवावर येत होतं. त्यांच्या प्रामाणिकपणानंच त्यांना कोपऱ्यात गाठलं होतं.

"चार दिवसांत आटपायची," शेवटी ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी शिलकीचा डबा आणला.

स्पर्धेला पलटणीचा संघ आला, दौंडचे रेल्वेवाले आले, कारखाना आला, आणि आम्ही. चहाचं काम आम्हा बायकांकडे. मैदानाच्या कडेला लिंबाखाली चुली मांडल्या, दवाखान्यातली मोठी पातेली आणली. मामंजींचा हुकूम होता, की साखर फक्त खेळाडूंना आणि पंचांना. सायकलवाले पातेल्याशी पहाऱ्याला उभे राहिले. बातमी गावभर झाली होती. एक पोट सुटलेले गृहस्थ विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आणि पिंढऱ्यांना माती फासून आले. "कुठल्या संघाचं?" सायकलवाल्यांनी विचारलं. गृहस्थ म्हणाले, "राखीव." सायकलवाल्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी त्यांना अर्धा कप दिला. गोऱ्या शिपायांना बराकीत साखर मिळतच असणार, पण आमच्या चहात दूध आणि आलं होतं. ते आपापले पत्र्याचे मग घेऊन रांगेत यायचे, प्यायचे आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे.

आमचा सामना कारखान्याशी लागला. फुटबॉलचा सामना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. इतके महिने ऐकून माझी अशी समजूत झाली होती, की मामंजी आणि सायकलवाले ओट्यावर भांडतात तसंच काहीतरी मैदानावर असेल. ते तसं नव्हतं. ते बघायला सुंदर होतं. पाहुणा कारखान्याचा हिरवा सदरा घालून उतरला, पाय उघडेच. आमच्याकडे बघून त्यानं हात जोडले. त्याला अडवायचं काम यांच्याकडे होतं. बराच वेळ यांनी त्याला अडवलंही. मग एकदा पाहुणा यांच्या अंगावर चाल करून आला, डावीकडे निघाल्यासारखं केलं, हे डावीकडे झुकले, आणि तो उजवीकडून निघून गेला. हे मातीत बसले. गोल.

लिंबाखाली कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळं मैदान गप्प असताना त्या टाळ्या फार मोठ्यानं ऐकू आल्या. सासूबाई चहाचा डाव काखेत धरून उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. यांनी मातीतूनच वळून पाहिलं.

त्या एका गोलानं आम्ही हरलो. शेवटी कप पलटणीनं नेला, त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. घरी येऊन हे गुडघ्यावर टिंक्चर लावत बसले.

"आई, तू कोणाच्या बाजूनं होतीस?"

"मी ज्याला जेवायला घातलं त्याच्या."

"आणि मला कोणी घातलं?"

"तुला मी जन्मभर घालतेय," सासूबाई म्हणाल्या. "तू कधी गोल केलास?"



पण त्या सामन्यात पाहुण्याला सोडून आणखी एका माणसावर कोणाची तरी नजर होती. स्पर्धा संपल्यावर कारखान्याचे सेक्रेटरी आमच्या घरी आले, चहाचे आभार मानले, आणि जाता जाता म्हणाले, की कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडरची जागा रिकामी आहे, आणि त्यांना बॅकही हवा आहे. पगार इथल्यापेक्षा जास्त.

शनिवारी ओट्यावर कोणी बोलेना. सायकलवाले भिंतीला टेकून बसले होते. "मास्तर," ते म्हणाले, "या टायमाला किती पोती मागायची?" कोणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच जरा कावरेबावरे झाले. "गंमत केली," म्हणाले.

मामंजी यांच्याशी काहीच बोलले नाहीत. उठून आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्या घरात आल्यापासून त्यांनी मला एकटीला असं काही विचारलं नव्हतं.

"तुला जायचं आहे का?"

"इथं सगळं चांगलं आहे," मी म्हटलं.

"ते मी विचारलं नाही."

मला जायचं होतं. आपली वेगळी चूल, आपली खोली, हे कोणत्या मुलीला नको असतं? पण ते सासऱ्यांना कसं सांगायचं? मी नुसती होकाराची मान हलवली. त्यांनीही हलवली आणि ते बाहेर गेले. बाहेर जाऊन क्लबाला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. आत सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी न वळता विचारलं, "भाकऱ्या थापायला घेऊ का?" आणि मी म्हटलं, तुम्ही बसा, मी थापते.

कारखान्यावर आम्हाला पाहुण्याशेजारचीच खोली मिळाली. हे आणि तो तीन हिवाळे एकत्र खेळले. पहिल्याच हिवाळ्यात मामंजी, सासूबाई आणि सायकलवाले आमच्याकडे आले. नगरच्या क्लबात तेव्हा नवा कोणी आणला नव्हता. माजी विद्यार्थ्यांतली दोन मुलं घेतली होती, आणि ती बरी खेळत होती, असं मामंजी सांगत होते. 

रविवारी सामना होता. सेक्रेटरींनी मामंजींना मानानं आपल्याशेजारी खुर्ची दिली. सगळ्या खेळाडूंच्या पायात बूट, फक्त पाहुणा अनवाणी. मध्यंतरात खेळाडूंना मोसंबी कापून दिली. मामंजींनी विचारलं, संघाचा वर्षाचा खर्च किती. सेक्रेटरींनी मोठ्या अभिमानानं सांगितला.  कारखाना तीन गोलांनी पुढे होता, लोक टोप्या उडवत होते, आणि मामंजी हनुवटीखाली काठी धरून मैदानाकडे बघत होते.

पाणी प्यायला हे कडेला आले तेव्हा मामंजींनी त्यांना जवळ बोलावलं. "एवढा खर्च करून हे हरले तर?"

"बाबा, आपण जिंकतोय," हे म्हणाले.

"आज," मामंजी म्हणाले.